झिजलं तर बदला, सुधारू नका

सरांनी कवळी करून घेतली तेव्हा पुढच्या दोन दातांमधली फट तशीच ठेवायला लावली. दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी समजावून पाहिलं, की काका, आता सगळं नव्यानंच करतोय तर दात एका ओळीत घेऊ, हसल्यावर छान दिसेल. सर म्हणाले, "मला छान नकोय. होतं तसं हवंय." आणि खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यावर फटीचं माप होतं, दोन दशांश स्थळांपर्यंत. दात जाणार हे ओळखून त्यांनी ते आधीच घेऊन ठेवलं होतं.

हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं सांगितलं. वर म्हणाल्या, "लोकांचे दात गेले की फट जाते. आमच्याकडं दात गेले, फट राहिली."

सर म्हणजे माझे पहिले साहेब. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं नोकरी करते, तिथं सुटे भाग मोजून पास-नापास ठरवणारी एक बंद, थंडगार खोली आहे. सर त्या खोलीचे प्रमुख होते. डिप्लोमा करून मी तिथं लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं नाही, हात पाहिले.

"हात धुतले का, बाई?"

"धुतलेत."

"कधी?"

"घरून निघताना."

"मधे बसचा दांडा धरला असेल ना? परत धुवा."

मी शेतकऱ्याच्या घरची. पैठण रोडला, चितेगावच्या पुढं आमचं गाव. आमच्याकडं हात धुवायचे ते जेवायच्या आधी, आणि पाहुणे असले तर जरा नीट. वडलांना मी सांगितलं, की माझं काम मोजायचं आहे. ते म्हणाले, "दिसभर निस्तं मोजायचं? अन् मग करायचं कवा?" हे मी सरांना सांगितलं. वाटलं, हसतील. सर गंभीरपणे म्हणाले, "वडील बरोबर बोलले. म्हणूनच करणारे वेगळे आणि मोजणारे वेगळे ठेवलेत. एकाच माणसानं दोन्ही केलं की घोळ होतो."

मशीनवरून नुकताच आलेला भाग त्यांनी कधी मोजू दिला नाही. तो आधी खोलीत तास-दोन तास पडून गार व्हायला हवा. "गरम भाकरी आणि गरम पार्ट मोजू नये," ते म्हणायचे. "दोन्ही फुगलेले असतात." एकदा उत्पादन विभागाचे मोठे साहेब स्वतः आले. बाहेर ट्रक उभा आहे, माल सोडा म्हणून आरडाओरडा करायला लागले. सरांनी त्यांना खुर्ची दिली. "बसा. तुम्हीही जरा गार व्हा."

कौतुक करायला त्यांच्याकडं एकच शब्द होता, 'चालेल'. माझ्या मुलीच्या जन्माचे पेढे दिले तेव्हा त्यांनी नाव नाही विचारलं, वजन विचारलं. तीन किलो, मी सांगितलं. थोडा विचार करून म्हणाले, "चालेल."

त्यांची चप्पल मी नोकरीला लागले तेव्हापासून तीच होती. पैठण गेटजवळच्या चांभाराकडं ते ती वर्षातून दोन-तीनदा न्यायचे. एकदा मी सोबत होते. चांभारानं चप्पल उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, चारदा सोल बदलला. दोनदा पट्टे बदलले. अंगठा तर किती येळा, मोजलंच नाय. आता ह्याच्यात जुनं काय राह्यलं?"

सर म्हणाले, "माप."

चांभारानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघितलं.

आता रविवारचं सांगते. सर एका हौशी मोटार क्लबाचे तपासनीस होते. जालना रोडला, करमाडच्या अलीकडं एका बंद पडलेल्या गोदामाचं सिमेंटचं मोकळं आवार आहे. तिथं हा क्लब थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा शर्यत घेतो. शर्यत म्हणजे सिनेमातल्यासारखी नव्हे. रबरी शंकू मांडून नागमोडी रस्ता आखतात, त्यावरून एका वेळी एकच गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. शंकू पडला की वेळेत भर घालतात. भाग घेणारे डॉक्टर, दुकानदार, कारखान्यातले सुपरवायझर. सोमवारी याच गाडीनं कामाला जायचं असतं, त्यामुळं शंकूला घासलं तरी मंडळी आधी उतरून बंपर बघतात आणि मग पुढं जातात.

यात एक गट आहे तो कंपनीतून आली तशीच गाडी ठेवणाऱ्यांचा. क्लबाच्या कागदांवर त्याला 'स्टॉक' म्हणतात, सर 'जशीच्या तशी' म्हणायचे. या गटात गाडी वेगवान करायला काहीही करायचं नाही. पण गाडी म्हटली की भाग झिजणार आणि झिजले की बदलावे लागणार. म्हणून नियम असा, की झिजलेला भाग बदलता येईल, फक्त नवा भाग मूळ भागासारखाच हवा. मापानं, जातीनं आणि कामानं. नियम दोन ओळींचा. सरांनी त्यावर दोनशे पानी वही भरली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'झिजलं तर बदला. तुटलं तर बदला. कंटाळा आला म्हणून बदलू नका. आणि बदलताना सुधारू नका.'

मी त्यात कशी ओढले गेले, तर एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "रविवारी काय करता, बाई?"

"धुणं."

"ते शनिवारी करा."

तेव्हापासून मी त्यांची मदतनीस. टेबल मांडायचं, फळीवर भाग ओळीनं ठेवायचे, सर बोलतील तो आकडा लिहायचा. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा चोचीवाला मोजपट्टा, त्यांचा स्वतःचा, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. तो दुसऱ्याच्या हातात जात नसे.

एकदा एका गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची टांगलेली होती. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. सर पाच मिनिटं तिच्यापुढं उभे राहिले. कंपनीतून गाडी निघाली तेव्हा ती नव्हती, म्हणजे ती नंतर लावलेली. मालक घाबरला, म्हणाला, "काढून टाकू का काका? पण आईनं बांधलीय." सरांनी विचारलं, "किती दिवसांनी बदलता?" "दर शनिवारी." "बदलताना काही वेगळं घालता? मोठं लिंबू? जास्तीची मिरची?" "नाही हो, तेच. एक लिंबू, सात मिरच्या." सरांचा चेहरा उजळला. "बघा, हिला नियम कळतो," ते सगळ्यांना म्हणाले. "राहू द्या."

पण दरवेळी असं सुटायचं नाही. सिडकोत औषधांचं दुकान असलेले एक गृहस्थ या गटात नेहमी पहिले-दुसरे यायचे. त्यांना सगळे औषधवाले म्हणायचे, मीही तेच म्हणते. त्यांच्या गाडीची मागची स्प्रिंग बसली, तर मेकॅनिकनं त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची घातली. ती जरा मऊ निघाली. गाडी वळणावर होडीसारखी डुलायला लागली आणि ते पहिल्याचे चौथे झाले. सरांनी स्प्रिंग मोजली आणि त्यांना त्या चौथ्या नंबरातूनही बाद केलं.

"अहो काका, फायदा नाही झाला, तोटाच झाला ना माझा!"

"फायदा-तोटा तुम्ही दुकानात बघा. मी फक्त मूळ आहे का ते बघतो."

औषधवाले चिडून घरी गेले आणि पुढच्या महिन्यात मूळ स्प्रिंग घालून परत आले. सरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की जुन्या गाड्यांचे भाग कंपन्या एक दिवस बनवायचे बंद करतात, मिळतायत तोवर एकेक जास्तीचा घेऊन ठेवा. त्यांनी ते ऐकलं. सरांचं म्हणणं असं ऐकणारे फार नव्हते. सर स्वतःही त्यात नव्हते, हे नंतर कळलं.

सरांची स्वतःची गाडी पांढरी, छोटी, बावीस वर्षांची. तिच्यात काहीही बदललेलं नव्हतं, म्हणजे जे बदललं होतं ते तसंच होतं. मागच्या सीटवरचं शोरूममधलं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. उन्हाळ्यात काकूंची बहीण त्यावर बसली, की उठताना साडी सोडवून घ्यावी लागायची. पण ही गाडी शर्यतीत कधी उतरली नव्हती. तपासनिसाला भाग घेता येत नाही असा नियम आहे, आणि सरांसाठी तो नियम करायची गरजही नव्हती. पंधरा वर्षं त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या गाड्या मोजल्या.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सरांनी पिवळं फडकं माझ्यापुढं ठेवलं. "आता तुम्ही मोजा, बाई. मी चालवणार."

मी विचारलं, "एकदम काय झालं?"

"डोळ्याच्या कडा झिजल्यात," ते म्हणाले. "आणि हा भाग बाजारात मिळत नाही."

बाकीचं काकूंनी सांगितलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू कमी होत चाललंय. डॉक्टरांनी या उन्हाळ्यापर्यंत दिवसा गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं होतं, त्यानंतर किल्ली ठेवून द्यायची. म्हणजे हाच एक हिवाळा. "बोलणार नाहीत ते," काकू म्हणाल्या, "पण आयुष्यभर लोकांना नापास केलं, आता एकदा स्वतःला पास व्हायचंय."

पहिल्या शर्यतीत त्यांनी प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. आवारात दुसरी गाडी नाही, समोर फक्त शंकू, आणि हे डावीकडं वळताना शंकूंना सांगतायत की मी डावीकडं वळतोय. शेवटून दुसरे आले. शेवटचा ज्याची गाडी मधेच बंद पडली तो. औषधवाले खो खो हसले आणि मग स्वतःच जाऊन त्यांना कुठं ब्रेक लावायचा ते दाखवून आले.

पण सर मोजणारा माणूस. दुसऱ्या महिन्यापासून ते तासभर आधी यायचे आणि सगळा रस्ता पायी चालायचे. कुठल्या शंकूपासून किती पावलांवर सुटायचं, किती पावलांवर वळायचं, सगळं कागदावर. दुसऱ्या शर्यतीत सातवे आले, तिसऱ्यात तिसरे. शेवटच्या शर्यतीला महिना उरला होता आणि पहिल्यांदाच लोकांनी हसणं थांबवलं.

आणि बुशला तडा गेला.

गिअरच्या दांडीच्या बुडाशी अंगठीएवढा पांढऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा असतो, त्याला बुश म्हणतात. त्याच्या भोकातून एक पिन जाते. बुश गेला की दांडी नुसतीच फिरते, कढीत पळी फिरवल्यासारखी. कंपनीनं तो बनवायचं बंद केलं होतं. सर मोंढा नाक्यावरच्या सगळ्या दुकानांत फिरले. एका जुन्या दुकानदारानं पितळी बुश पुढं केला. "साब, पिलाश्टिक का आता नै अब. ये ले लेव, पितल का. आप जाएंगे, ये नै जाएगा."

सर म्हणाले, "नक्को, भाई. झिजनेवालाच मंगता."

दुकानदारानं हा किस्सा आठवडाभर येईल त्याला सांगितला. प्रत्येकाला सांगताना थोडा थोडा बदलला असावा.

मग सर व्हिजिटरचा पास लावून आमच्या खोलीत आले. तडा गेलेला बुश रुमालात होता. "कंपनी बनवत नाही, तर आपण बनवून घेऊ. त्याच जातीचं प्लॅस्टिक मिळालंय. तुम्ही फक्त माप काढून द्या." मी बुश दोन तास गार होऊ दिला. हात धुतले. यंत्रावर तीनदा मोजला. बाहेरचं माप, आतल्या भोकाचं माप, लांबी, सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. सरांनी चिठ्ठी तपासली. चितेगावच्या एका लेथवाल्याकडून तसाच बुश बनवून घेतला आणि बसवला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"बाई, अगदी पहिल्यासारखा! जरासुद्धा फरक नाही!"

मी म्हटलं, "चालेल."

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी ऊन तापलं होतं. औषधवाल्यांची वेळ सगळ्यांत कमी आणि सरांची गाडी शेवटची. आवारात भिंतीकडेनं एक सरळ लांब पट्टा आहे. तिथं सगळे दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जातात. सर गेले नाहीत. त्यांच्या दांडीचा ढिलेपणा त्यांना बावीस वर्षांच्या सवयीनं पाठ होता. तिसरा कधी लागतो, कधी लागत नाही. म्हणून त्यांनी दुसराच ठेवला आणि पाय खाली दाबून धरला. इंजिन असं किंचाळलं, की काकूंनी कानांत बोटं घातली. आणि इतरांचा तिथं गिअर टाकण्यात आणि परत काढण्यात जो वेळ जात होता, तो सरांचा गेलाच नाही. एकही शंकू न पाडता ते आत आले. औषधवाल्यांपेक्षा तीन दशांश सेकंदांनी कमी.

लोकांनी त्यांना उतरूच दिलं नाही, खिडकीतूनच हात मिळवले. काकूंनी कानांतली बोटं काढली आणि विचारलं, "पास का?"

तेवढ्यात औषधवाले माझ्या टेबलाशी आले. चेहरा ओशाळलेला. "काकांना वाईट वाटायला नको, पण मोंढ्यावर ऐकलं, त्यांनी पितळी बुश घातलाय म्हणून. माझी हरकत आहे असं नाही, पण आहे."

मागून सर आलेच. मला वाटलं, रागावतील. ते खूश झाले. "लेखी द्या. तोंडी हरकत कागदाला लागत नाही."

त्यांनी लिहून दिलं. मी बुश काढला. पांढरा, प्लॅस्टिकचा. टाळ्या पडल्या. औषधवाल्यांनी कान पकडले आणि म्हणाले, "काका, माफ करा. हरकत मागं."

"हरकत मागं घेता येते, तपासणी नाही," सर म्हणाले. "भाग काढलाय ना? मग मोजल्याशिवाय परत बसत नाही. पण आत्ता नको, गरम आहे. सावलीत ठेवा."

अर्धा तास बुश सावलीत राहिला आणि मंडळी चहाला गेली. औषधवाल्यांची गाडी त्याच मॉडेलची. ते जाता जाता आपल्या डिकीतून एक छोटं पाकीट घेऊन आले. "तुलनेला हा ठेवा, मॅडम. ओरिजिनल. काकांनी सांगितलं म्हणून कधीचा घेऊन ठेवलाय."

पाकीट फोडलं आणि दोन्ही बुश शेजारी ठेवले. व्हर्निअर लावायच्या आधीच दोन भोकांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. व्हर्निअरच्या वरच्या चोची भोकात घातल्या. नव्याचं भोक बारा मिलिमीटर. सरांच्याचं बारा पूर्णांक चार. हा आकडा मला वाचायची गरज नव्हती. चिठ्ठीवर तो मीच लिहिला होता.

बावीस वर्षं ती पिन त्या भोकात फिरत होती. भोक खाऊन खाऊन मोठं झालं होतं. आणि मोजण्यात आयुष्य घातलेल्या आम्ही दोघांनी, हात धुऊन, भाग गार करून, तीनदा वाचन घेऊन, त्या झिजेचं बिनचूक माप काढलं आणि झीज नवीकोरी बनवून घेतली. मूळ मापाचा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. जो भाग आपल्यासमोर आहे तो बरोबर आहे की नाही हे ठरवणं आमचं रोजचं काम, आणि नेमका तोच आम्ही बरोबर धरून चाललो.

टेबलाशी सर आणि मी, दोघंच होतो. हरकत मागं घेतलेली. ढिल्या बुशनं कुणी जिंकतं असं कुणालाही वाटणार नाही. आकडा कुणी विचारणार नाही. पुढच्या वर्षी सर चालवणार नाहीत. हे सगळं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. चोची पुसायला लागतात तेवढा वेळ आलं.

"किती?" सरांनी विचारलं.

"बारा पूर्णांक चार."

"आणि नवा?"

"बारा."

"परत मोजा."

परत मोजलं. तेच.

सर शेजारच्या उपड्या क्रेटवर बसले. "जुना काढून कुणी दिला होता?"

"तुम्ही."

"मोजला कुणी?"

"मी."

"तो झिजला असेल असं कुणाला सुचलं?"

"कुणालाच नाही."

तोवर चहावाले परत आले. क्लबाच्या अध्यक्षांनी आकडा ऐकला आणि हात झटकले. "सोडा ना मॅडम. ढिला आहे, म्हणजे तोटाच. आणि प्लॅस्टिक तेच." औषधवाले म्हणाले, "अहो मीच म्हणतोय ना, पहिले काकाच."

मी सरांकडं पाहिलं. वाटलं, आता ते फायदा-तोट्याचं आपलं नेहमीचं उत्तर देतील आणि माझं काम सोपं होईल. पण ते माझ्याकडं बघत होते, आणि मला स्वच्छ दिसलं, की मी सोडून द्यावं असं त्यांना वाटतंय. पंचवीस वर्षांत ते तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. तसं तोंड घेऊन माझ्यापुढं पुष्कळ लोक उभे राहिलेत, म्हणून ओळखू आलं.

"बाद," मी म्हटलं आणि तक्त्यात लिहिलं.

क्रेटवरून उठत सर म्हणाले, "कारण काय लिहिलंत?"

"बदललेला भाग मूळ मापाचा नाही."

"खाली लिहा, मोजणाऱ्याचीही चूक."

"लिहिलंय."

त्यांनी तक्ता घेऊन वाचला, सही केली. काकूंनी दुरूनच विचारलं, "म्हणजे नापास?"

"हो, काकू."

"बरं शिकवलंय हो तुला यांनी," काकू म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं.

औषधवाल्यांना पहिला नंबर घ्यायला कसंसंच होत होतं. त्यांनी नवा बुश उचलून सरांच्या हातात कोंबला. "आता तरी घ्या, काका. बसवा हा." सर नको-नको म्हणाले, मग "परत देईन" म्हणाले आणि गाडीखाली शिरले. दहा मिनिटांत बसवला. आत बसून इंजिन सुरू न करता त्यांनी गिअर टाकला. पहिला, दुसरा, तिसरा. परत दुसरा. परत तिसरा. दांडी जागच्या जागी टकटक बसत होती. पाच मिनिटं ते नुसते तेवढंच करत बसले. मग खिडकीतून ओरडले, "एक फेरी मारू का?"

अध्यक्ष म्हणाले, "मारा की काका, मैदान तुमचंच."

घड्याळ माझ्या हातातच होतं, म्हणून लावलं. या वेळी भिंतीकडेच्या पट्ट्यावर त्यांनी तिसरा टाकला. गाडी शांतपणे, पाण्यातून गेल्यासारखी गेली. वळणाआधी परत दुसरा. आत येऊन थांबले.

"किती?"

"सव्वा सेकंद जास्त."

"म्हणजे हळू?"

"हो. तिसरा टाकलात ना."

मला वाटलं, तोंड पडेल. पण सर स्टिअरिंगवर हात ठेवून हसत होते. "बाई, गाडी अशी होती! बावीस वर्षं माझ्याकडं आहे. अशी होती हे मी विसरूनच गेलो होतो."

ऊन उतरायला लागलं होतं. पोरंसोरं, टेबलं, चहाचे कप, सगळं आवरणं चाललं होतं. दोघांनी शंकू उचलायला सुरुवात केली, तर सरांनी हॉर्न वाजवून त्यांना थांबवलं.

"अजून एक?" मी विचारलं.

"अजून एक. वेळ लावा."

"आता कशाला वेळ? शर्यत संपली."

"मग काय नुसतं फिरायचं?"

तेवढ्यात काकू उठल्या, पदर खोचला, गाडीला वळसा घालून गेल्या आणि पलीकडचं दार उघडून आत बसल्या.

"अगं, वजन वाढेल," सर म्हणाले.

"वाढू द्या," दार ओढून घेत काकू म्हणाल्या. "मी काही नंतर बसवलेली नाही."

सरांनी थोडा विचार केला आणि गिअर टाकला. मी घड्याळ सुरू केलं.